नंबर तोच, कंपनी दुसरी: फेडिव्हर्स म्हणजे काय?

मुरबाडकडच्या रानभाज्यांचा आमचा एक गट होता. एका मोठ्या समाजमाध्यमावर तो नऊ वर्षं चालला. यंदा शेवळं कुठल्या उतारावर आधी दिसली, भारंगीची पानं कोवळी कुठवर मिळतात, शेवळांनी घसा खवखवू नये म्हणून भाजीत काकडं ही आंबट रानफळं किती घालायची, टाकळा समजून कुणी भलतंच खुडून आणलं तर फोटो बघून त्याला वेळेवर थांबवायचं, असं सगळं तिथे चालायचं. गट चालवणारे काका सत्तरीचे. एका सकाळी त्यांचं खातं बंद झालं. कारण म्हणून नियमभंगाची एक ठरावीक ओळ आली. कुठला नियम, कुठली पोस्ट, काही कळलं नाही. दाद मागितली, उत्तर आलं नाही. ॲडमिन ते एकटेच होते, त्यामुळे थोड्या दिवसांत गटही मिटला.

फोनवर ते मला म्हणाले, "फोटो जाऊ देत गं, पुढच्या पावसात परत काढू. पण माणसं कुठे शोधू? माझ्याकडे कुणाचा नंबरसुद्धा नाही."

समाजमाध्यमांवर टीका करताना आपण जाहिरातींबद्दल, पाळतीबद्दल, मुलांच्या व्यसनाबद्दल बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. काकांनी मात्र दुखण्याचं मूळ सांगितलं. आपली माणसं कोण, याची यादी आपल्याकडे नसते, कंपनीकडे असते. बाहेर पडायचं तर माणसं मागे टाकून पडावं लागतं. अटी पटल्या नाहीत तरी आपण 'मान्य' का दाबतो, याचं उत्तर इथेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं गोपनीयता धोरण आणलं तेव्हा भारतातल्या लोकांना ते नाकारून ॲप वापरत राहण्याची सोय दिली नव्हती. या 'घ्या नाहीतर सोडा' पद्धतीवर बोट ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण आयोगाने जे हेरलं ते घरोघरी माहीत असलेलं होतं: सगळे नातेवाईक तिथेच असताना माणूस जाणार कुठे?

मोबाइलच्या बाबतीत हीच अडचण आपण एकदा सोडवली आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करायची सोय आली. कंपनी आवडली नाही तर नंबर घेऊन दुसरीकडे जा. त्याआधीही एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतच होता. बीएसएनएलवाल्या आजोबांशी बोलायला नातवाला बीएसएनएल घ्यावं लागत नव्हतं. या दोन सोयी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की समाजमाध्यमांवर त्या नाहीत हे जाणवतही नाही. इन्स्टाग्रामवर बसून एक्सवरच्या माणसाला फॉलो करता येत नाही. आणि इन्स्टाग्राम सोडताना आपले फॉलोअर सोबत नेता येत नाहीत.

फेडिव्हर्समध्ये या दोन्ही सोयी आहेत. पहिली जवळजवळ पूर्ण आहे, दुसरी थोडी अडखळत चालते.

पत्त्याचे दोन भाग

फेडिव्हर्स हे एखाद्या ॲपचं नाव नाही. एकमेकांशी बोलू शकणाऱ्या हजारो सर्व्हरांच्या, म्हणजे लोकांची खाती आणि मजकूर सांभाळणाऱ्या संगणकांच्या, जाळ्याला हे नाव पडलं आहे. त्यातलं सर्वांत ओळखीचं सॉफ्टवेअर म्हणजे मास्टोडॉन, ट्विटरसारखं (आताचं एक्स) छोट्या पोस्टांसाठीचं. जर्मनीत राहणाऱ्या ऑयगेन रोख्को या विशीतल्या तरुणाने ते ऑक्टोबर २०१६ मध्ये लोकांपुढे आणलं. सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही उतरवून घ्यावं, आपल्या सर्व्हरवर चढवावं आणि आपल्या लोकांना खाती द्यावीत.

ईमेल वापरणाऱ्याला हे लगेच समजतं. ईमेलच्या पत्त्यात आधी माणसाचं नाव असतं आणि 'ॲट'च्या पुढे त्याचं टपाल सांभाळणाऱ्याचं नाव. जीमेलवरून याहूला पत्र जातं, सरकारी कार्यालयाला जातं, कॉलेजच्या स्वतःच्या सर्व्हरलाही जातं. मास्टोडॉनचा पत्ता असाच दोन भागांचा असतो, एक तुमचं नाव आणि दुसरं तुमच्या सर्व्हरचं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन सुलभा दोन सर्व्हरांवर सुखाने नांदू शकतात.

समजा, सुलभाचं खातं नाशिकच्या काही मंडळींनी चालवलेल्या सर्व्हरवर आहे आणि तिच्या मामेभावाचं न्यू जर्सीतल्या एका छोट्या सर्व्हरवर. ती त्याला फॉलो करते तेव्हा तिचा सर्व्हर त्याच्या सर्व्हरला निरोप धाडतो: आमच्याकडच्या सुलभाला यांचं लेखन हवं आहे. तिकडचा सर्व्हर ही नोंद ठेवतो. पुढे मामेभाऊ काही लिहितो तेव्हा त्याचा सर्व्हर आपली यादी बघतो आणि ज्या ज्या सर्व्हरवर त्याचे वाचक आहेत तिथे एकेक प्रत पाठवतो. सुलभाने उत्तर दिलं की तेही याच वाटेने उलट जातं. मध्ये मुख्य कार्यालय कुठेच नाही. गावोगावची पोस्ट ऑफिसं परस्परांना थेट थैल्या पाठवत आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

थैली कशी बांधायची, त्यावर काय लिहायचं, हे ठरलेलं असल्याशिवाय हे चालणार नाही. ते ठरवणाऱ्या नियमावलीचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली. क्रिस्टीन लेमर-वेबर, जेसिका टॅलन, एव्हान प्रोड्रोमू आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, मास्टोडॉनहूनही जास्त. कारण नियमावली कुणाच्या मालकीची नाही. पिक्सेलफेड फोटोंसाठी आहे, पीअरट्यूब व्हिडिओंसाठी, लेमी चर्चेसाठी. चालवणारे निरनिराळे, दिसायला निरनिराळी, पण भाषा एक. म्हणून मास्टोडॉनच्या खात्यावरून पीअरट्यूबवरचं एखादं चॅनेल फॉलो करता येतं आणि तुमचं उत्तर तिकडे व्हिडिओखाली उमटतं. मेटाचं ट्विटरसारखं ॲप थ्रेड्ससुद्धा डिसेंबर २०२३ पासून थोडं थोडं या जाळ्याला जोडलं जाऊ लागलं.

मास्टोडॉनवर जाहिराती नाहीत. मुख्य पानावर तुम्ही फॉलो केलेली माणसं दिसतात, नवीन पोस्ट वर आणि जुनी खाली. तुम्ही चिडलात तर जास्त वेळ थांबाल, असा हिशेब करून कुणी पानं लावत नाही. पहिल्या आठवड्यात हे ओकंबोकं वाटतं. मलाही वाटलं. नंतर एकदा लक्षात आलं की मी दहा मिनिटांत वाचून फोन खाली ठेवला होता.

२०१९ची लाट

भारतीयांची आणि मास्टोडॉनची पहिली मोठी गाठ नोव्हेंबर २०१९ मध्ये पडली. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं. त्यांनी लावलेला फोटो होता जर्मनीतल्या ऑगस्ट लँडमेसर या कामगाराचा, १९३६ मधल्या एका गर्दीत सगळे हात उंचावून नाझी सलाम करत असताना हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाचा. नाझीविरोधाचं हे प्रतीक यंत्रणेला द्वेष पसरवणारं वाटलं. खातं परत मिळालं आणि एका हिंदी कवितेवरून पुन्हा गेलं. त्याच सुमारास ट्विटरची निळी टिक देताना जातीय भेदभाव होतो, असा आरोप दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी लावून धरला होता. दोन्ही रागांची मिळून लाट झाली आणि हजारो भारतीयांनी मास्टोडॉनवर खाती उघडली.

त्यातले बहुतेक परतले. मित्र तिथे नव्हते, बातमी तिथे फुटत नव्हती, आणि 'कुठला सर्व्हर घेऊ' या पहिल्याच प्रश्नावर पुष्कळ जण अडखळले. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस एलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर जगभर याहून मोठी लाट आली. रोख्को यांनी स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार महिन्याला वापरणारे सुमारे ३ लाखांवरून दोन महिन्यांत २५ लाखांवर गेले. तीही ओसरली, पण मागे बरंच काही राहिलं. जर्मनीच्या संघराज्य सरकारचा सर्व्हर आधीपासूनच होता, आता नेदरलँड्सचं सरकार आणि बीबीसी यांनीही स्वतःचे सर्व्हर उभारले. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुराचा इशारा देणारं सरकारी खातं सरकारच्याच पत्त्यावर असावं, एका खासगी कंपनीच्या मर्जीवर असू नये.

पर्याय स्वदेशी असला म्हणजे भागलं, असंही नाही. कू हे भारतीय ॲप होतं, मराठीतही चालायचं, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं होतं आणि कॉलेजच्या दिवसांतले किती तरी मराठी समुदाय त्यासोबत गेले. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा शेताच्या बांधावर उभं राहून व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. एकदा कंपनीने दार लावलं, एकदा सरकारने, आमच्या काकांच्या वेळी एका यंत्राने. तिन्ही वेळा माणसं आतच राहिली.

खासगी आणि विकेंद्रित या दोन वेगळ्या गोष्टी

इथे बरेच जण गोंधळतात आणि या गोंधळाने नुकसान होऊ शकतं, म्हणून सावकाश सांगते. विकेंद्रित म्हणजे सत्ता एका हातात नसणं. खासगी म्हणजे आपलं बोलणं तिसऱ्याला न कळणं. एक असलं की दुसरं आपोआप येत नाही.

मास्टोडॉन विकेंद्रित आहे, पण गुप्त नाही. तिथले खासगी संदेश एंड-टू-एंड कुलूपबंद नसतात. तुमच्या आणि समोरच्याच्या सर्व्हरच्या चालकाला ठरवलं तर ते वाचता येतात. तुमचा ईमेल आणि आयपी पत्ताही तुमच्या सर्व्हर चालकाकडे असतो. शिवाय खासगी संदेशात सहज बोलता बोलता तिसऱ्याचा मास्टोडॉनवरचा पूर्ण पत्ता टाइप केलात तर तो संदेश त्यालाही जातो. सासूबद्दल नणंदेशी बोलताना हे लक्षात असू द्या. पोस्ट पुसली तर पुसल्याचा निरोप इतर सर्व्हरांना जातो, पण त्यांनी तो पाळलाच पाहिजे अशी सक्ती करणारं कुणी नाही. गावभर वाटलेली पत्रकं परत गोळा करण्यासारखं आहे ते. जे चारचौघांत बोलाल तेवढंच तिथे लिहा.

याच्या उलट सिग्नल हे संदेशांचं ॲप. ते चालवणारी संस्था एकच आणि सर्व्हर तिचेच, म्हणजे विकेंद्रित अजिबात नाही. पण ती ना-नफा संस्था आहे आणि तुमच्याबद्दल जवळजवळ काहीच साठवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन आदेशावरून एका खात्याची माहिती द्यावी लागली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सॲपचे संदेशही २०१६ पासून कुलूपबंद आहेत, पण कोण कुणाशी किती वेळा बोलतं याची नोंद हाही मोठा ऐवज असतो. डॉक्टरचा रिपोर्ट, घरातला तंटा, बातमीदाराला द्यायची माहिती यांसाठी माझं उत्तर सिग्नल असं आहे. कुलूपही हवं आणि विकेंद्रितही हवं, तर मॅट्रिक्स हा पर्याय आहे. तिथे सर्व्हर अनेक आहेत आणि संदेश कुलूपबंद ठेवता येतात, पण नवख्याला जरा जड जातं.

मग मास्टोडॉनवर खासगीपणाचा फायदा कुठला? फायदा आहे. तुम्ही कुठल्या फोटोवर किती सेकंद थांबलात हे मोजून जाहिरातदाराला विकणारा मधला माणूस तिथे नाही. फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती गेल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. इतका मोठा ढीग एका जागी साठला होता, म्हणूनच तो एका फटक्यात गेला. हजार छोट्या सर्व्हरांवर विखुरलेली माहिती चोरायला हजार घरं फोडावी लागतात.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्या माध्यमाबद्दल मला नेहमी विचारतात. ट्विटरच्याच आत २०१९ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प नंतर स्वतंत्र कंपनी झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आमंत्रणाशिवाय सर्वांना खुला झाला. वापरायला तो मास्टोडॉनपेक्षा सोपा आहे, हे मान्य करायला हवं. त्याची नियमावली वेगळी आहे. खातं आणि ते ठेवण्याची जागा यांची फारकत तिथे मुळातूनच केलेली आहे, म्हणजे नंबर पोर्ट करण्याची कल्पना तिथे जास्त नीट बसते. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य लोक अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. नॉस्टर याहून टोकाचं आहे. तिथे तुमचं खातं म्हणजे एक लांबलचक गुप्त किल्ली. कुणी बंद करू शकत नाही आणि हरवली तर कुणी परतही देऊ शकत नाही. ती सांभाळायला मी काकांना कधीच सांगणार नाही.

सर्व्हर कसा निवडायचा

मी फ्लॅट घेताना विचारतात तेच प्रश्न विचारते. सोसायटी कोण चालवतं, खर्च कुठून येतो, नियम काय आहेत, आणि सेक्रेटरी आजारी पडला तर चाव्या कुणाकडे? मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात: रोज बॅकअप घेणं, द्वेषाला आळा घालणं, अडीअडचणीला आणखी किमान एका माणसाकडे चावी असणं, आणि बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सांगणं. या यादीतूनच निवडा. छोट्या सर्व्हरचा चालक थकतो, ही या जगाची खरी कमजोरी आहे. २०२३ मध्ये मास्टोडॉन डॉट एलओएल हा चांगला चालणारा सर्व्हर त्याच्या चालकाने बंद केला, कारण त्रास देणाऱ्यांना तोंड देऊन तो कंटाळला होता.

घर बदलायचं तर नवीन सर्व्हरवर खातं काढायचं, तिथे जुन्या खात्याची नोंद करायची, मग जुन्या खात्यातून 'हलवा' म्हणायचं. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्याशी जोडले जातात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. आणि हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असतानाच करता येतं, तो बुडाल्यावर नाही. म्हणून तुम्ही कुणाकुणाला फॉलो करता त्या यादीची फाइल दर महिन्याला उतरवून ठेवा. एका मिनिटाचं काम आहे.

सॉफ्टवेअर मुक्त असल्याने ते नको त्यांच्याही हाती जातं. अतिउजव्यांचं गॅब हे समाजमाध्यम २०१९ मध्ये मास्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं. रोखण्याचा अधिकार कुणा एकाकडे नव्हता, पण एकामागून एक सर्व्हरांनी त्याच्याशी देवाणघेवाण तोडली आणि ते एकटं पडलं.

आपल्या सर्व्हरचे नियम आपणच ठरवण्याचा हा अधिकार मराठी माणसासाठी फार कामाचा आहे, असं मला मनापासून वाटतं. बहुतेक मोठ्या सर्व्हरांचे नियम युरोप-अमेरिकेतल्या स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत. वंशद्वेष ते झटकन ओळखतात. जातीवाचक शिवी ओळखायला मराठी यावं लागतं आणि महाराष्ट्र माहीत असावा लागतो. आडनाव विचारण्यामागचा हेतू भाषांतराच्या यंत्राला कळत नाही. एखाद्या विद्यापीठाने, जिल्हा ग्रंथालयाने किंवा साहित्य परिषदेच्या शाखेने आपल्या लोकांसाठी सर्व्हर चालवला, तर तक्रार वाचणारा माणूस तरी आपली भाषा बोलणारा असेल. सहकारी दूध संघ आणि पतपेढ्या चालवलेल्या राज्याला हे अवघड वाटू नये.

आमच्या रानभाज्यांच्या गटातली आतापर्यंत चाळीसेक माणसं सापडली आहेत. काकांनी एकेकाला शोधून नाव, गाव, नंबर वहीत लिहून घेतले. त्यातल्या अकरा जणांनी मास्टोडॉनवर खाती काढली, बाकीचे व्हॉट्सॲपवर आहेत आणि त्यांना कुणी आग्रह केलेला नाही. फोटोंची एक प्रत काकांच्या भाच्याच्या हार्ड डिस्कवर असते. ॲडमिन आता तिघं आहेत. ज्येष्ठात पाऊस लागला तेव्हा शेवळांचा पहिला फोटो नव्या पत्त्यावर आला, आणि त्याखाली जुन्नरच्या एका बाईंनी विचारलं, काकडं मिळाली का?